खलनायकाला हवंय तरी काय?

प्रिय ताई,

मी फोंड्याचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी आणि माझे चार मित्र दर शनिवारी रात्री आमच्या घराच्या सोप्यावर बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रचत जायचा खेळ खेळतो, पाचवी आवृत्ती. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट चालवणारा आणि खलनायकाच्या वतीने बोलणारा, मी. पावसाळ्यापासून एकच कॅम्पेन, म्हणजे एकच लांबलचक गोष्ट, चालू आहे. खलनायक आहे कालवेध, मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक. त्याची बारा पानांची पूर्वकथा मी लिहून ठेवली आहे: अनाथ पोर, गुरूने केलेला दगा, शाप, डोंगरातला अज्ञातवास. गेल्या शनिवारी मुलांनी त्याची सरदारीण रेवा जिवंत पकडली. ती लढून मरेल असं मी धरून चाललो होतो. त्यांनी तिला झाडाला बांधलं आणि विचारलं, "तुझ्या धन्याला हवंय तरी काय?" ताई, बारा पानांत याचं उत्तरच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जगाचा विनाश!" त्यावर चोराचं पात्र घेतलेला मित्र म्हणाला, "आणि मग तो राहणार कुठे?" सगळे हसले. तेव्हापासून कालवेधला कुणी भीत नाही.

अर्ध्या वाटेवर आलेल्या कॅम्पेनमध्ये खलनायकाला नवी प्रेरणा देता येते का? आणि दुसरं. आमचा फायटर, म्हणजे योद्ध्याचं पात्र घेतलेला मित्र, म्हणतो, खलनायकाला दुःखाची कथा दिली की मारताना हात कचरतो आणि खेळायची मजा जाते. वाईट तो वाईट, एवढं पुरे. त्याचं खरं आहे का?

पात्रं अशी: राजधानीतल्या पाणक्यांच्या घरातला चोर, नदीदेवीची पुजारीण असलेली क्लेरिक, जंगलातला, निसर्गाची जादू जाणणारा ड्रुइड आणि राजाच्या फौजेतून बाहेर पडलेला फायटर.

ता. क. एखादं गुपित एकाच खेळाडूला आधी सांगून ठेवावं का?

फोंड्याचा डीएम

प्रिय डीएम,

पकडलेल्या सरदारणीला मारून पुढे जायचं सोडून तिला प्रश्न विचारणारे खेळाडू तुझ्या सोप्यावर बसतात. असं टेबल, म्हणजे खेळणाऱ्यांचा असा गट, सहज जमत नाही. त्यांचा तो प्रश्न खरा होता, म्हणून आपण त्याला खरं उत्तर शोधू.

बारा पानं फेकू नकोस. मात्र एक बघ: त्यातली प्रत्येक गोष्ट तुमचं कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी घडून गेली आहे. गुरूने दगा दिला, शाप लागला, माणूस डोंगरात गेला. ठीक. मग आज सकाळी उठून कालवेध काय करतो? कुणाला कुठे पाठवतो? पैसे कशावर खर्च करतो? त्याच्यावर काय काय ओढवलं ते तू मन लावून लिहिलंस, पण त्यापायी त्याने काय करायचं ठरवलं ते लिहायचं राहून गेलं. रेवाला नेमकं तेच विचारलं गेलं आणि तू अडकलास.

जत्रेतली नाटकं तू लहानपणापासून पाहिली असणार. त्यांत संहिता पाठ असते, विंगेत प्रॉम्प्टर असतो. पण पेडण्याकडे किंवा पलीकडे सिंधुदुर्गात दशावतारी दहीकाला रात्रभर बसून पाहिला असशील तर तिथला राक्षस आठव. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात. आख्यान कोणतं आणि प्रवेश कोणत्या क्रमाने एवढं आत रंगपटात ठरतं, बोलणं सगळं रंगमंचावर उभ्या उभ्या. समोरचा राजा भलतंच काही बोलला तरी राक्षसाचं काम करणारा नट गडबडत नाही, कारण या प्रवेशात समोरच्याकडून आपल्याला काय हवंय ते त्याने पक्कं धरलेलं असतं. कन्या हवी, राज्य हवं, भावाच्या वधाचा जाब हवा. तेवढं एक हातात असलं की कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर तयार असतं, आणि ते त्याच पात्राला शोभणारं असतं.

डीएमला खलनायकाची प्रेरणा लागते ती या कामासाठी. खेळाडूंना वाचून दाखवायला नाही, त्यांचे डोळे पाणवायलाही नाही. तुझा बेत ते दर शनिवारी मोडणार, तो त्यांचा हक्कच आहे. बेत मोडल्यावर कालवेध पुढे काय करील हे जिच्यामुळे तुला तिथल्या तिथे कळतं, ती त्याची प्रेरणा. हे कळत नसेल तर लिहिलेलं सगळं कितीही सुंदर असो, टेबलावर ते निरुपयोगी आहे.

"जगाचा विनाश" म्हटल्यावर मुलं हसली, कारण त्यातून पुढचं काहीच ठरत नाही. कुणाकडून काय घ्यायचं, कधीपर्यंत, अडवलं तर दुसरी वाट कोणती? "सत्ता", "सूड", "अमरत्व" यांचंही तेच. हे शब्द फार मोठे आहेत. त्यांच्या खाली बोट ठेवून दाखवता येईल अशी एक वस्तू, जागा किंवा माणूस असावं लागतं.

महाभारतातल्या द्रोणाकडे बघ. तो खलनायक नव्हे. पण एका साध्या हव्याशा गोष्टीतून केवढं काय वाढत जातं, हे शिकायला त्याच्याइतकी चांगली कथा मला ठाऊक नाही. घरात गाय नाही. लहानगा अश्वत्थामा दुधासाठी हट्ट करतो, दुसरी मुलं त्याला पिठाचं पाणी दूध म्हणून देतात आणि ते पिऊन "मी दूध प्यालो" म्हणत तो नाचतो. बाप ते बघतो. मग उठून लहानपणीच्या मित्राकडे, द्रुपदाकडे जातो, आणि द्रुपद त्याला सुनावतो की मैत्री बरोबरीच्यांत होते. इथे गाय मागे पडली; आता द्रुपदाचं राज्य हवं. त्यासाठी शिष्य तयार झाले, त्यांनी द्रुपदाला बांधून आणलं, द्रोणाने अर्धं राज्य ठेवून अर्धं परत केलं. आणि अपमान गिळून बसलेल्या द्रुपदाने यज्ञ मांडला, तो द्रोणाला मारणारा मुलगा मिळावा म्हणून. गाय, राज्य, मुलगा. प्रत्येक टप्प्यावर काय हवंय ते सांगता येतं, आणि आधीचा टप्पा पाहिलेल्याला पुढचा पटतो. त्यातला कुणीही सकाळी उठून "आज मी अनर्थ करतो" असं म्हणत नाही.

आता कालवेध. अनाथपण आणि गुरूचा दगा राहू दे, त्यांना धक्का लावायची गरज नाही. मी त्यात एक गाव घालते.

सांगे तालुक्यातलं कुर्डी तू ऐकलं असशील, कदाचित मे महिन्यात जाऊनही आला असशील. साळावलीचं धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात हे गाव पाण्याखाली गेलं. मोगूबाई कुर्डीकर, जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका, 1904 साली याच गावात जन्मल्या. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव थोडे दिवस वर येतं: जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. उठवलेले गावकरी आणि त्यांची पुढची पिढी तिथे जमते, देवाचा उत्सव करते, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा बुडतं. साळावलीचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं. कितीतरी लोकांची तहान त्यावर भागते आणि कितीतरी लोकांचे उंबरठे त्याखाली आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

ही रचना तुझ्या जगात ने, नाव बदलून. कालवेधचं गाव केळंबी. राजाने राजधानीसाठी नदी अडवली, केळंबी तळ्याखाली गेली. त्या गावात मेलेल्यांना पुरत, म्हणजे गावकीची थडगीही पाण्याखाली आहेत. दर उन्हाळ्यात गाव वर येतं, पावसात पुन्हा जातं. कालवेधला हवंय ते एवढंच: तळं कायमचं रिकामं व्हावं. मग तो केळंबीची माणसं उठवील आणि त्यांना आपापल्या घरात नेऊन बसवील. मेलेल्यांना उठवण्याची विद्या त्याने का शिकली, याचंही उत्तर यात आपोआप आलं. ती विद्या त्याला चिकटवलेली नाही, त्याला तिची गरज होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेव. कुर्डीच्या लोकांनी कुणाचं वाईट केलं नाही. ती माणसं उन्हाळ्यात येतात, देवाला भेटतात, परत जातात. दुःखामुळे कुणी खलनायक होत नाही. कालवेध खलनायक होतो तो त्या दुःखाची किंमत दुसऱ्यांकडून वसूल करायचं ठरवतो तेव्हा. तळं रिकामं झालं तर राजधानी तहानेने मरेल. बांध एका रात्रीत फुटला तर खालच्या खोऱ्यातली गावं वाहून जातील, म्हणजे केळंबीचंच पुन्हा घडेल, या वेळी त्याच्या हातून. त्याला हे माहीत आहे. माहीत असून तो पुढे जातो. कथा लिहिताना ही जागा अजिबात बोथट करू नकोस.

आणि तुझ्या चौघांपैकी कुणाचं घर वाड्डे, वाळकिणीकडचं असेल, म्हणजे पुनर्वसनातलं, तर हे टेबलावर आणण्याआधी त्याला विचार. नको म्हणाला तर बुडालेल्या गावाऐवजी दुसरं काही शोधू, मला पुन्हा लिही. तेच राखणदार आणि देवचार या गावराखण्या दैवतांचं. गोव्यातल्या डीएमला त्यांना खलनायक करायचा मोह होतो, कारण सीमेचं रक्षण, मोडलेला शब्द, चुकलेला मान, सगळं तयार मिळतं. पण गावात आजही त्यांना रोट ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. मोडलेल्या कराराची कल्पना जरूर घे. नाव आणि जागा मात्र तुझ्या जगातली असू दे.

आता कालवेधला एक मुदत दे. ती या गोष्टीत आयतीच आहे: पावसाच्या आत. तळ्याचं पाणी उतरत असतानाच बांधाच्या मुळाशी पोचता येतं. मिरग लागला की वर्ष गेलं. दर दोन-तीन सेशनला पाणी किती उतरलं ते दाखव. आधी देवळाचा कळस दिसतो. मग सभामंडपाचं छप्पर. मग तुळशीवृंदावनं, विहिरीचा काठ, शेवटी थडगी. कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. कळस दिसला म्हणजे काय, हे तिसऱ्या सेशनपर्यंत मुलं एकमेकांना सांगू लागतील. खेळाडू दुसऱ्याच कामात गुंतले तर पाणी उतरतच राहील. ते घरी बसले तरी खलनायकाचं काम चालू असतं, हे त्यांना एकदा जाणवलं की तो खरा वाटतो.

मुदतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो काय करणार नाही. हे बहुतेक डीएम लिहीत नाहीत आणि मला ते फार खटकतं. कालवेध पाण्यात विष कालवणार नाही. पाण्याने त्याचं गाव घेतलं तरी नदी त्याला पूज्य आहे. केळंबीतून विस्थापित झालेल्या कुणावरही तो हात टाकणार नाही, तो माणूस राजाच्या बाजूने गेला असला तरी. आणि दिलेला शब्द तो मोडणार नाही, कारण राजाने गावाला दिलेला शब्द मोडला होता. या तीन गोष्टी कागदावर असल्या की खेळाडूंना त्याच्याशी बोलता येतं, सौदा करता येतं, त्याला फसवताही येतं. ज्याला कसलीच मर्यादा नाही त्याच्याशी लढण्यापलीकडे काही करता येत नाही. मग शनिवार नुसते फासे टाकण्यात जातात.

तुझ्या पात्रांकडे आता बघ. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या खेळाडूंच्या पुस्तकात प्रत्येक पात्राला आदर्श, बॉण्ड (जिवाभावाची बांधिलकी) आणि दोष लिहायला जागा आहे. चौघांचे कागद घेऊन बस. चोराची आई राजधानीत पाणी वाहते. तळं गेलं की तिचं पोट गेलं, मग जीव. क्लेरिकच्या नदीदेवीच्या पुजाऱ्यांनी बांध घालताना आशीर्वाद दिला होता. का दिला? देवीने सांगितलं होतं, की राजाने? हा प्रश्न क्लेरिकला स्वतःच्या देवळात जाऊन विचारावा लागेल. फायटर फौजेतून का बाहेर पडला ते त्याने अजून ठरवलं नसेल तर त्याला सुचवून बघ की केळंबी रिकामी करायला गेलेल्या तुकडीत तो होता. आणि ड्रुइड! अडवलेली नदी मोकळी व्हावी असं त्याला मनापासून वाटणारच. खलनायकाला जे हवंय ते तुझ्या एका खेळाडूलाही हवंय. मला सगळ्यात जास्त आनंद इथे होतो, कारण आता वाद तुझ्या डोक्यातून निघून त्या चौघांच्या मधोमध आला. खोऱ्यातली माणसं न मरता नदी मोकळी करता येईल का, यावर ते अर्धी रात्र भांडतील आणि तुला काही करावं लागणार नाही.

रेवाकडे येऊ. "जगाचा विनाश" हे बोललेलं परत घेऊ नकोस. टेबलावर बोललेलं घडलेलं असतं, ते खोडलं की खेळाडूंचा पुढच्या गोष्टींवरचाही भरवसा जातो. ते कुणी पसरवलं आणि का, हे तू ठरवू शकतोस. राजवाड्यातून गेली कित्येक वर्षं हेच सांगितलं जातंय की कालवेध जग बुडवायला निघालाय, कारण खरं सांगायचं तर केळंबीचं नाव घ्यावं लागेल. रेवाने तेच त्यांच्या तोंडावर फेकलं: तुम्हाला जे ऐकायची सवय आहे ते घ्या. पुढच्या शनिवारी ती अजून झाडाला बांधलेली आहे. कुणीतरी पुन्हा विचारेल. तेव्हा तिला म्हणू दे:

"धनी काय मागतात ते धन्यांना विचारा. मला आमचा उंबरठा बघायचाय. मी सात वर्षांची होते, आईने निघताना त्यावर रांगोळी घातली. पाणी येणार हे माहीत असून घातली."

एवढंच. पुढे गप्प. तिला भाषण करू देऊ नकोस. तिची इच्छा कालवेधच्या इच्छेहून लहान आहे, वेगळी आहे, आणि म्हणूनच तिला फोडता येईल. उद्या क्लेरिकने तिला तो उंबरठा दाखवायचं वचन दिलं तर ती कालवेधला सोडील का? मला माहीत नाही, तुलाही आज माहीत नसलं तरी चालेल. तिला काय हवंय ते ठाऊक आहे, तेवढ्यावर त्या क्षणी उत्तर मिळेल.

सगळ्यांच्याच प्रेरणेत दुःख घालू नकोस, नाहीतर कॅम्पेन जड होईल. कालवेधच्या बाजूला नुसता पैशाचा माणूसही हवा. त्यासाठी झुआरीकाठच्या खाजनांकडे बघ. खाजन म्हणजे खाडीकाठची खारजमीन; त्या शेताला बांध असतो, बांधात मानस, म्हणजे दारं असलेली पाण्याची मोरी. मानशीची दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात. मानशीपाशी मासळी धरायचा हक्क लिलावात जातो. ज्याने लिलावाचे पैसे मोजले त्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, कारण त्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते नको, शेत खारावलं की भात गेलं. यातून खरे तंटे होतात आणि त्यात कुणाला शाप लागलेला नसतो. तुझ्या राजधानीच्या पाण्याचा असा एखादा ठेकेदार कर, ज्याला तळं आटलेलं परवडतं कारण विहिरी त्याच्या मालकीच्या आहेत. त्याला पूर्वकथा दोन ओळींची पुरे. त्याने किती पैसे गुंतवलेत तेवढं मात्र आकड्यात लिही.

कालवेधच्या शक्तींचाही याच धाग्याने विचार कर. हिरण्यकशिपूने वर मागितला: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. भाऊ हिरण्याक्ष मारला गेल्यावर तो कशाकशाला भीत होता त्याची ती यादीच आहे. कालवेध कशाला भितो? पुन्हा सगळं वाहून जाण्याला. मग त्याचे पहारेकरी पाण्यात न बुडणारे असू देत, त्याचा गड उंच कड्यावर असू दे, आणि नदीच्या पात्रात उभं राहिल्यावर त्याचा एखादा मंत्र चुकू दे. नियमपुस्तकातून शक्ती निवडताना हे मनात ठेवलंस की लढाईतही तो माणूस दिसत राहील.

एक देणगी तुझ्या क्लेरिकसाठी. "स्पीक विथ डेड" हा तिसऱ्या पातळीचा मंत्र क्लेरिकला मिळतो: मृताला पाच प्रश्न विचारता येतात, तोंड शाबूत असायला हवं, आणि त्याला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच तो सांगतो. केळंबीच्या गावकाराचं, म्हणजे गावप्रमुखाचं, थडगं वर आलं की क्लेरिकला तिथवर पोचू दे. गाव सोडायला त्याने संमती दिली होती का? दिली असेल तर काय घेऊन? कालवेधने हे प्रश्न अजून विचारलेले नाहीत. मंत्र त्यालाही अवघड नाही, पण उत्तराला तो भितो. ते पाच प्रश्न तुझ्या खेळाडूंच्या हातात असणं, हे कुठल्याही जादुई तलवारीपेक्षा मोठं शस्त्र आहे.

आता तुझ्या फायटरचं म्हणणं. तो सरसकट चुकीचा नाही. दशावताराच्या पूर्वरंगात संकासूर येतो, काळ्या वेशात, लोकांना हसवतो, वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. त्याचं बालपण कसं गेलं हे कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही. एका रात्रीच्या खेळासाठी, गुहेतल्या भुकेल्या राक्षसासाठी, वाईट तो वाईट पुरतो. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा पात्रांच्या वृत्ती तीनच होत्या, लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा). पुढे त्यांचे नऊ प्रकार झाले. कागदावर "केऑटिक इव्हिल" (बेबंद आणि दुष्ट) लिहिलं की कोण कुठल्या बाजूला ते कळतं. पण महिनोन्महिने चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये तेवढ्या दोन शब्दांवर तुला दर शनिवारी नवी चाल सुचणार नाही. तुझा अनुभव तेच सांगतो.

हात कचरतो म्हणजे मजा जाते, हे मात्र मला मान्य नाही. हात कचरला आणि तरी वार केला, ते खेळाडू वर्षानुवर्षं आठवतात. फायटरला जी भीती वाटते ती वेगळी आहे, असा माझा अंदाज: डीएम आपल्याला अपराधी ठरवील, लढून जिंकल्यावर "बघा, तुम्ही बिचाऱ्याला मारलं" असं सुनावील. तसं कधी करू नकोस. त्यासाठी कालवेधने काय केलंय तेही केळंबीइतक्याच जवळून दाखव. बांधाजवळच्या वस्तीतली माणसं त्याने खणायला धरून नेली. त्यातल्या एका पोराचे तळवे सोललेले आहेत आणि तो चोराकडे पाणी मागतो. मुलांना दोन्ही बघू दे, निकाल त्यांचा त्यांना लावू दे. आणि फायटर खेळणाऱ्या मित्राला एकदा खेळाबाहेर, चहा पिताना विचार, की या गोष्टीत त्याला किती गुंतायला आवडेल. कुणाला आठवडाभराच्या अभ्यासानंतर शनिवारी नुसती तलवार चालवायची असेल तर त्यात काही गैर नाही. त्याला ठेकेदाराचे भाडोत्री दे.

ता. क. चं उत्तर. ड्रुइडला आधी काही सांगू नकोस. कालवेधला नदी मोकळी हवी आहे हे त्याला सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर कळू दे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बाकीचे तिघेही बघतील. मधल्या सुट्टीत मात्र त्याला बाजूला घे आणि एवढंच विचार, आपल्याच गटाविरुद्ध जायची वेळ आली तर चालेल का, की अवघड वाटेल. अवघड वाटेल म्हणाला तर नदी हळूहळू सोडायची तिसरी वाट लवकर पुढे आण, बांधाच्या जुन्या गवंड्याच्या तोंडून. चालेल म्हणाला तर रेवाला त्याच्याशीच बोलू दे. आणि त्याने काय केलं ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई